उंच तोंडाचा पाइप

डीपी जळाली ती भर उन्हाळ्यात, आणि तीही दुपारी, सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू असताना. आधी माळावरून फट्ट असा आवाज आला, मग जळक्या तेलाचा वास. मी वांग्यांत बसून खुरपत होते. खुरपं तिथंच टाकलं आणि कपाळावर हात मारला. पलीकडच्या मिरचीच्या रानातून मिरचीवाल्याची बायको ओरडली, "गेली का गं?"

"गेली मेली," मी म्हटलं. "घ्या आता कळश्या."

आमच्या वस्तीचं सगळं त्या एका डीपीवर, म्हणजे माळावरच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर चालायचं. शेतातल्या बोअरच्या मोटरी तिच्यावर आणि पिण्याच्या पाण्याची बोअर, शाळेमागची, तीही तिच्यावरच. बोअरमध्ये काही बादली सोडून पाणी काढता येत नाही. डीपी जळाली की नळ कोरडा, आणि नळ कोरडा झाला की ओढ्यावर जायचं. ओढ्याच्या वरच्या अंगाला बाजारपेठ आहे, तिची गटारं ओढ्यात सोडलेली. पावसाळ्यात ते खपून जातं. उन्हाळ्यात ओढ्यात ओढा कमी आणि गटारच जास्त.

आम्ही बायका ओढ्याच्या कडेला वाळूत खड्डा करायचो आणि त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरायचो. फडक्यातून गाळायचो, चुलीवर उकळायचो. पण कितीही उकळा, घरात लहान पोर असलं की तुमची शिस्त चुलीत गेली. मी शेतात होते तेव्हा धाकटीनं न उकळलेल्या कळशीत पेला बुडवला आणि पोटभर प्यायली. तिला तहान लागली होती, तिचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी जुलाब लागले आणि पोरगी फडक्यासारखी झाली. डोळे आत गेले, ओठ वाळले, रडायला गेली तर डोळ्यांतून पाणीसुद्धा येईना. तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईनं सलाईन लावलं आणि सगळ्या रांगेसमोर मला विचारलं, "कुठलं पाणी पाजलंस?"

"ओढ्याचं."

"आई आहेस ना तू हिची?"

रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. उत्तर तोंडापर्यंत आलं होतं, पण सुई तिच्या हातात होती आणि हात माझ्या लेकीचा होता. गिळलं. पोरगी वाचली. पण त्या दिवसापासून मी मनात पक्कं धरलं होतं, ह्या पोरीला पुन्हा ओढ्याचं पाणी पाजायचं नाही, मग काय वाटेल ते होवो.

वायरमन आला, खांबावर चढला, उतरला आणि घाम पुसत म्हणाला, "नवी येईल. आणि ती पण जळेल. मला काय, मी परत चढीन."

"असं कसं म्हणता?" आमचे हे म्हणाले.

"मग कसं म्हणू? लाइट आली रे आली की सगळे मोटरी चालू करणार, आणि जाईपर्यंत बंद म्हणून करणार नाहीत. एवढा वेळ का चालवता? तर हौद भरत नाही. हौद का भरत नाही?" त्यानं हातातल्या पकडीनं आमच्या शेताकडं दाखवलं. "ती बघा तोंडं आभाळाला लावलेली."

तोंडं म्हणजे पाइपाची. आमच्याकडं बोअरचा पाइप हौदाच्या काठावर थांबत नसे. तो तिथून उभा वर जायचा, पार माणसाच्या डोक्याच्याही वर, आणि तिथं वाकून हौदात पडायचा. शिवाय तोंडाला बारीक नळी बसवलेली, म्हणजे धार लांब उडायची. ज्याची धार उंच त्याची मान उंच. सोयरीक जमवायला आलेले पाहुणेसुद्धा आधी धार बघायचे आणि मग मुलगा. आणि सगळ्यांत उंच पाइप होता आमच्या सासऱ्यांचा. सगळी वस्ती त्यांना धारवाले आबा म्हणायची. आबांनी उंच केला म्हणून मिरचीवाल्यानं केला, त्यानं केला म्हणून बाकीच्यांनी केला.

वायरमनचं बोलणं आबांनी ऐकलं. ते फक्त म्हणाले, "तू तार जोड बाबा."

नवी डीपी यायच्या आधी पाण्याच्या मोहिमेवर निघालेली एक बाई आली. एक पिशवी, पायात जाड चपला, उन्हानं रापलेला चेहरा. राज्यभर फिरत होती. आज ह्या गावात, उद्या त्या. कुणाच्याही घरी उतरायचं, मिळेल ते खायचं आणि बोलायचं. आमच्याकडं उतरली, कारण दवाखान्यात नर्सबाईनं तिला माझ्या पोरीचं सांगितलं होतं. मला आधी राग आला. म्हटलं, झालं, आता आमची गोष्ट राज्यभर सांगणार वाटतं. पण बाई घरात आली आणि सरळ माझ्याबरोबर ओढ्यावर निघाली. कळशी डोक्यावर घेता येत नव्हती, अर्धं पाणी तिच्याच पाठीवर सांडलं. ते पाणी हुंगून म्हणाली, "हे पिता तुम्ही?"

"नाही, आंघोळीला अत्तर म्हणून वापरतो," मी म्हटलं. बाई हसली नाही. तेव्हा मला ती आवडली.

तिची मोहीम अशी होती. ओढ्यानाल्यांत गटारं सोडायला बंदी करा, पिण्याच्या पाण्याला वेगळी डीपी द्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरी घ्यायला मदत करा, असा कायदा राज्याला करायला लावायचा.

"पण नुसतं मागायला गेलं की ते विचारतात, तुम्ही काय केलंत?" बाई म्हणाली. "म्हणून गावोगावची माणसं पाइपाची उंच तोंडं कापतायत. ते तुकडे मी गोळा करते. राजधानीत सभागृहासमोर त्यांचा ढीग घालणार. आम्ही आमचं केलं, आता तुम्ही तुमचं करा, असं म्हणायचं."

"आणि तोंडं कापून होतं काय?" हे म्हणाले.

"पाणी उगाच वर चढवायला वीज लागते. तोंड खाली आणलं, ती बारीक नळी काढली, की त्याच मोटरीत पाणी जास्त पडतं. हौद लवकर भरतो. लवकर भरला की मोटर बंद करता येते. मग अर्ध्यांनी आधी चालवायच्या, अर्ध्यांनी नंतर. डीपी जळत नाही. नळ बंद पडत नाही."

नळ बंद पडत नाही, एवढंच मी ऐकलं. बाकीचं आबांनी ऐकलं. ते भिंतीला टेकून दोरी वळत बसले होते. दोरी वळायची थांबली नाही.

नवी डीपी आली. बाईनं आबांना हात जोडून विचारलं, तुमच्या हौदावर एकदा करून दाखवू का? आबा म्हणाले, "दाखव की. पाहुणी आहेस." घरी आलेल्या माणसाला नाही म्हणायचं त्यांच्या रक्तातच नव्हतं. सगळी वस्ती जमली. मिरचीवाला तर अंगात इस्त्रीचा सदरा घालून आला.

बाईनं हौदात एक पिंप ठेवलं. आधी उंच पाइपातून पाणी सोडलं. धार झोकात उडाली, उन्हात चमकली, लोकांनी माना वर केल्या. पिंप भरेपर्यंत बाई घड्याळाकडं बघत उभी होती. मग आमच्या ह्यांनी पान्यानं सांधा खोलला, वरचा भाग उतरवला, आणि पाणी काठावरूनच पडायला लागलं. दिसायला काहीच नाही. म्हाताऱ्या बैलाच्या तोंडातून लाळ पडावी तसं, जाड आणि खाली मान घालून. पण पिंप असं भरून वाहायला लागलं की बाईला घड्याळ बघायला सवड मिळेना.

"बघितलंत?" बाईला आनंद झाला होता, आणि आनंदात माणसाची जीभ सुटते. "म्हणजे आबांनी इतकी वर्षं निम्मी वीज हवेत उडवली!"

लोक हसले. मिरचीवाला सगळ्यांत मोठ्यानं. "आबा, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा झालं की हो हे!"

आबांनी मोटर बंद केली. ह्यांच्या हातातला पाना काढून घेतला. वरचा पाइप उचलून सांध्यावर धरला आणि आटे बसवायला लागले. आटे चुकीचे बसत होते, पुन्हा काढत होते, पुन्हा बसवत होते. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. कुणी मदतीला पुढं झालं नाही, कारण त्यांचा चेहराच तसा होता. पाइप बसल्यावर ते पाना धुऊन, पुसून ह्यांच्या हातात देऊन म्हणाले, "ह्याला हात लावायचा नाही."

झालं. आबांचा पाइप उभा, म्हणजे सगळ्यांचे उभे. मिरचीवाला घरी जाताना म्हणाला, "आबा कापतील तेव्हा मीही कापीन." कापणार नव्हताच लेकाचा, त्याला फक्त निमित्त पाहिजे होतं.

बाई ओसरीत बसून राहिली. "माझंच चुकलं," म्हणाली. "प्रत्येक गावात हसतात लोक, मला सवय झालीय. पण इथं मीच त्यांना हसवलं." मी तिला चहा दिला. चूल फुंकताना माझ्या डोक्यात मात्र एकच, डीपी नवी आहे, उन्हाळा अजून संपलेला नाही, आणि मोटरी पुन्हा सगळ्या एकदम गुरगुरतायत.

ह्यांना म्हटलं, "तुम्ही बोला आबांशी."

"मी?" हे असे दचकले, जसं काही मी त्यांना विहिरीत उडी मारा म्हटलं. "आबांना कोण सांगणार?"

"बरं," मी म्हटलं. "मग मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आणि मी वांगी तोडत होतो. वांग्याच्या देठाला काटे असतात. आबांच्या बोटांना ते लागत नाहीत इतकी कातडी निबर झालेली, माझ्या बोटांना लागतात. आम्ही शेजारशेजारच्या सऱ्यांतून पुढं सरकत होतो. क्रेट भरला की ते उचलून बांधावर ठेवायचे. मला उचलू द्यायचे नाहीत.

"आबा, पाइप का नाही कापायचा?"

"कापायचा नाही."

"का पण?"

"तोड तू वांगी."

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. "आबा, तुमची नात त्या दवाखान्यात पडली होती तेव्हा तुम्ही बाहेर बसून होता. मी आत होते. तिला रडायलासुद्धा पाणी नव्हतं अंगात. आणि डीपी परत जळाली तर मी तिला काय पाजू? तुमची उंच धार पाजू? मान उंच ठेवायला पोरीचा जीव पाहिजे का तुम्हाला?"

बोलून तर गेले. आजपर्यंत ह्या घरात आबांपुढं कुणी आवाज चढवलेला नव्हता. बांधावरून चाललेली मिरचीवाल्याची बायको पाऊल उचललेलं तसंच ठेवून थांबली. आबांनी तिच्याकडं बघितलं, तेव्हा ती चालायला लागली.

आबांनी हातातलं वांगं क्रेटमध्ये नीट ठेवलं. मग बांधावर जाऊन बसले.

"मानेसाठी नाही गं," ते म्हणाले. "घराच्या दारातून काय दिसतं इथलं?"

मी विचार केला. मधे माळाचा उंचवटा आहे आणि त्यावर झाडं. घरातून शेत दिसत नाही, हौद दिसत नाही. "धार दिसते," मी म्हटलं. "झाडांच्या वर."

"त्यासाठी केला उंच."

माझ्या सासूबाईंना मी फोटोतच बघितलेलं. मी ह्या घरात आले त्याच्या आधीच त्या गेल्या. आबा कधी त्यांचं नाव काढत नसत. त्या दिवशी पहिल्यांदा काढलं.

"लाइटचा तेव्हा भरवसा नसायचा, घरात तर ती आलेलीच नव्हती. कधी येईल, कधी जाईल. मी इथंच बसून असायचो. आली की मोटर चालू करायचो. पण दारं धरायला, पाणी वळवायला दुसरं माणूस पाहिजे. तिला हाक मारायला घरी जाऊन येईपर्यंत लाइट जायची. मग म्हटलं, पाइपच उंच करू. तिनं दारातून धार बघायची आणि डबा घेऊन यायचं." त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ हातात फोडलं. "एकदा धार आली, लगेच गेली. पुन्हा आलीच नाही. लाइट गेली असेल म्हणून दुसरी कुणी घरात बसली असती. तिला काय वाटलं कोण जाणे. डबा न घेता पळत आली. मी स्टार्टरच्या पेटीला चिकटलो होतो. तिनं वाळक्या फांदीनं मारून सोडवलं मला. हाताला त्याची खूण आहे बघ."

ती खूण मी रोज बघत होते, ताट वाढताना. जुनं काहीतरी भाजलेलं असेल म्हणून कधी विचारलं नव्हतं.

"मग हे कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं का नाही?" आबा म्हणाले. "मी उंच केला, तर सगळ्यांना वाटलं थाट आहे. त्यांनीही केले. मला हसू यायचं. मग सवय झाली. मग तेच खरं वाटायला लागलं." त्यांनी पायाची माती झटकली. "ती गेली. आता बघायला कुणी नाही, तरी मोटर चालू केली की आधी मी वर बघतो. आली का धार. आली, म्हणजे तिकडं दिसली."

माझा राग कुठं गेला ते कळलं नाही, पण धाकटीची काळजी गेली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मीही इतकी वर्षं दारातून धार बघूनच आबांचा डबा भरत होते. कधी लक्षातच आलं नाही की आपण कुणाची जागा धरलीय.

"आबा," मी म्हटलं, "बघायला मी आहे की. धार खाली घ्या. लाइट आली की हौदाच्या कठड्यावर उभं राहून टॉवेल हलवा. मी दारातून बघीन."

"टॉवेल?" आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांना नाचायलाच सांगितलंय. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हाताऱ्याला उन्हाळा बाधला. धार उडवताना काय म्हणत होते ते तरी कुठं खरं होतं?"

आबा हसले नाहीत. पण क्रेट उचलताना त्यांनी एक बाजू मला धरू दिली.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा ह्यांना म्हणाले, "करवत आण लोखंडाची." ह्यांनी सांधा खोलायला पाना काढला तर म्हणाले, "खोलायचा नाही. खोललेला परत लावता येतो. कापायचा."

कापायला बराच वेळ लागला. आबा स्वतःच कापत होते, कठड्यावर चढून. मी पाइप धरून उभी होते, लोखंडाचा कीस माझ्या हातावर पडत होता, गरम. आबांच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. दमले की थांबायचे, थुंकी लावून करवत पुसायचे, पुन्हा सुरू. हे म्हणाले, "द्या आबा, मी घेतो." आबांनी ऐकलं नाही. शेवटी तुकडा हलला, मला वजन पेलेना, आबांनी आणि मी मिळून तो खाली उतरवला.

मोटर चालू केली. पाणी काठावरून भदाभदा पडायला लागलं. मिरचीवाला बांधावर येऊन उभा राहिला होता. "काय आबा, धार बसली का?"

"बसली," आबा म्हणाले. "हौद उठला. तू इस्त्रीचा सदरा घालून ये, तुझा कापू."

मिरचीवाल्याला पळवाट उरली नाही. त्याच आठवड्यात त्यानं कापला, आणि मग बाकीच्यांनी. कुरकुर झाली, पाळ्यांवरून भांडणं झाली, मिरचीवाल्याची आणि ह्यांची तर सदऱ्याला हात घालण्यापर्यंत गेली. तरी हौद लवकर भरायला लागले तसे पाळीवर मोटरी बंद व्हायला लागल्या. डीपी गरम व्हायची, पण तग धरून होती. नळाला सकाळी पाणी यायचं. मी पहिली कळशी धाकटीसमोर भरली आणि म्हटलं, "बुडव आता पेला. पी हवं तेवढं." तिनं बुडवला, प्यायली, उरलेलं माझ्या अंगावर ओतलं.

मोहीमवाली बाई टेम्पो घेऊन तुकडे न्यायला आली. तिनं आधी आबांच्या पायांना हात लावला. काही बोलली नाही, बरं केलं. टेम्पोत गावोगावची तोंडं पडलेली, गंजकी, वाकडी. आबांनी आपला तुकडा स्वतः उचलून आणला. देताना सोडेनात. बाईनं एका बाजूला धरलेला, आबांनी दुसऱ्या.

"तिथं ढीग घालणार ना?"

"हो आबा."

"हा उभा ठेवा," आबा म्हणाले. "आडवा नको. लांबून दिसला पाहिजे."

बाईनं शब्द पाळला. नंतर तिनं फोटो पाठवला. मोठ्या इमारतीसमोर पाइपांचा ढीग, पाट्या धरलेली माणसं, आणि ढिगाच्या मधोमध आमचा तुकडा उभा. कायद्याचं म्हणाल तर मोठ्या साहेबांनी सांगितलंय, विचार करू. बाई म्हणते, पुन्हा जाणार. गटारं अजून ओढ्यातच येतात. तुकडे गेले त्याच टेम्पोतून पुढच्या खेपेला ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या न्यायच्या असं तिनं ठरवलंय, आणि आमच्या वस्तीच्या बाटल्या मी भरून देणार आहे. साहेबांना म्हणावं, प्या.

टॉवेलचं तेवढं सांगायचं राहिलं.

लोक हसतील म्हणून आबा लाजत होते. पण लाइट आली की कठड्यावर चढायचे, इकडंतिकडं बघायचे आणि पांढरा टॉवेल झटकल्यासारखा हलवायचे, जणू धूळच झाडतायत. मी दारातून हात वर करायची. त्यांना तो दिसतो की नाही, देव जाणे. मग डबा घेऊन निघायची.

एके दिवशी लाइट आली. घरातला पंखा फिरायला लागला म्हणून मी दारात जाऊन उभी राहिले. झाडांवर नजर लावली. टॉवेल दिसेना. म्हटलं, येईल. पंखा फिरतोय, टॉवेल नाही. धाकटी पायाला मिठी मारून काहीतरी मागत होती, मला ऐकूच येईना. डोळ्यांसमोर ती स्टार्टरची पेटी आली. पोरीला उचलून काखोटीला मारलं आणि पळत सुटले. पायात चप्पल नाही, डबा नाही, दार सताड उघडं. माळावरचे खडे टोचत होते. वाटेत वाळकी फांदी दिसली ती उचलली.

हौदापाशी पोचले तर आबा कठड्यावर बसलेले. पाय पाण्यात, टॉवेल मांडीवर. मोटर चालू, पाणी भदाभदा पडतंय. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या फांदीकडं बघितलं.

"काय झालं? टॉवेल का नाही हलवला?" मला दम लागला होता.

"बघत होतो," आबा म्हणाले, "येतेस का ते."

मग मात्र मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. सासरा बघितला नाही, वय बघितलं नाही. फांदी फेकून दिली, कठड्यावर बसले आणि रडले. आबांनी धाकटीला घेतलं, ओंजळीत पाणी धरून तिला पाजलं आणि तिचं तोंड त्या टॉवेलानं पुसलं.

"डबा राहिला वाटतं," ते म्हणाले.

"राहिला," मी म्हटलं. "जा, तुम्हीच घेऊन या."

आणि ते खरंच उठून गेले.